पांढऱ्या औषधाचं गणित

1984 साली ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या हातून शिरेवाटे द्यायची औषधं एकामागून एक निसटत चालली होती. ग्लॅक्सो कंपनीचं अल्थेसिन त्या वर्षी बाजारातून गेलं. दहा-बारा वर्षं ते सर्रास वापरलं जात होतं. रुग्ण पटकन झोपायचा आणि पटकन उठायचा. पण अधूनमधून एखाद्याच्या अंगावर सुई टोचताच लाल चट्टे उठत, रक्तदाब कोसळे, श्वासनळ्या आवळून येत. प्रोपॅनिडिडचीही तीच गत झाली. दोष मूळ औषधाचा कमी आणि ते ज्यात विरघळवलं जाई त्या द्रावकाचा जास्त. एरंडेलापासून बनवलेल्या या द्रावकाचं नाव क्रेमोफोर. तिसरं औषध एटोमिडेट. त्यात क्रेमोफोर नव्हतं, पण 1983 मध्ये ग्लासगोच्या लेडिंगहॅम आणि वॉट या दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून धक्का दिला. अतिदक्षता विभागात जबर जखमी रुग्णांना गुंगीत ठेवायला हे औषध सतत थेंबथेंब दिलं जाऊ लागल्यापासून मृत्यू वाढले होते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचं काम ते बंद पाडतं, हे लवकरच सिद्ध झालं.

राहिलं ते मुख्यतः 1934 पासूनचं जुनं पेंटोथाल. झोपवायला उत्तम, पण उठवायला वाईट.

याच सुमारास चेशर परगण्यात आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत एका जनावरांच्या डॉक्टरकडे एक तेलकट रसायन होतं. माणसांवरच्या चाचण्यांतून या रसायनाला एकदा माघार घ्यावी लागली होती. त्याचा सांकेतिक क्रमांक होता 35868. आज जगातल्या बहुतेक शस्त्रक्रियागृहांत शिरेतून ढकललं जाणारं दुधासारखं पांढरं औषध ते हेच, प्रोपोफॉल. या औषधाच्या शोधाची गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगतात ती इथेच संपते. मला मात्र तिचा उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो. औषध सापडलं, पण ते शरीरात किती वेळात कुठे जाईल हे आधीच सांगता आलं तेव्हाच ते खऱ्या अर्थाने हाती आलं. तो अर्धा शोध ग्लासगोत लागला.

आधी पूर्वार्ध. जॉन ग्लेन, मित्रांमध्ये इयन, हे ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जनावरांना भूल कशी द्यावी हे शिकवत. 1972 मध्ये ते आय.सी.आय.च्या ऑल्डर्ली पार्क इथल्या केंद्रात आले. मॅकल्सफील्डजवळची ही जुनी जमीनदारी इस्टेट. औषधांच्या इतिहासात तिचा दबदबा मोठा: हृदयविकारावरचं प्रोप्रॅनोलॉल आणि स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन ही दोन्ही आय.सी.आय.च्या याच औषध विभागातली. भुलेशीही कंपनीचं जुनं नातं होतं. हॅलोथेन हा हुंगवायचा द्रव चार्ल्स सकलिंग यांनी आय.सी.आय.तच 1951 मध्ये बनवला, आणि 1956 मध्ये मँचेस्टरच्या मायकेल जॉन्स्टन यांनी तो रुग्णांवर वापरला. ग्लेन यांच्यावरचं काम वेगळं होतं: पेंटोथालइतक्या वेगाने झोपवणारं, पण अंगात न साचणारं, शिरेतून द्यायचं औषध शोधायचं.

ते कसं शोधायचं, याचं उत्तर तेव्हा फारसं शास्त्रीय नव्हतं. कंपनीच्या कपाटांत भलत्याच कामांसाठी बनवलेली हजारो रसायनं पडून होती. ती एकेक करून उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचायची आणि बघत बसायचं. उंदीर कलंडला का, किती सेकंदांत, किती मिनिटांनी पुन्हा चार पायांवर उभा राहिला, उठल्यावर झोकांड्या खातो की थेट खाण्याकडे वळतो. फेनॉल जातीची काही रसायनं उंदरांना झोपवतात असं दिसलं. रसायनशास्त्रज्ञ रॉजर जेम्स यांनी मग त्या कुळातले भाऊबंद बनवायला घेतले: फेनॉलच्या कड्याला इथे एक शेपूट, तिथे एक. 1973 मध्ये दोन्ही बाजूंना आयसोप्रोपिल शेपटं लावलेल्या फेनॉलची पाळी आली. उंदीर झोपला, आणि उठला तो लख्ख.

फेनॉल म्हणजेच कार्बॉलिक ॲसिड. ग्लासगो रॉयल इन्फर्मरीत 1865 मध्ये जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायावर बांधलं ते हेच, आणि तिथून निर्जंतुक शस्त्रक्रिया सुरू झाली. या गोष्टीचा दुसरा अंकही त्याच इस्पितळात घडणार आहे. योगायोगच, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

उंदराकडून माणसाकडे जाण्याची वाट सरळ नसते. ग्लेन यांनी हे रसायन उंदीर, घूस, ससा, मांजर, डुक्कर आणि माकड अशा पायऱ्यांनी तपासलं. प्रत्येक पायरीवर तोच प्रश्न: इथे दिसलं ते पुढच्या प्राण्यात दिसेल का? झोप सगळ्यांना लागली. मात्रा मात्र फार वेगळी. किलोमागे माणसाला 2 ते 2.5 मिलिग्रॅम पुरतं, उंदराला त्याच्या कित्येक पट लागतं. छोट्या प्राण्याचं हृदय धावत असतं, यकृतातून रक्त भराभर फिरतं, औषध आलं तसं निघून जातं. मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्येच दाखवलं होतं की प्राण्याचा ऊर्जाखर्च त्याच्या वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही; वजनाच्या तीन-चतुर्थांश घाताने वाढतो. हा तीन-चतुर्थांशचा आकडा लक्षात ठेवावा, तो पुन्हा येणार आहे. मांजराची तर आणखीच तऱ्हा. फेनॉलसारखी रसायनं साखरेच्या रेणूला बांधून बाहेर टाकण्याचं यकृतातलं यंत्र मांजरात दुबळं असतं, म्हणून रोज प्रोपोफॉल दिलं तर मांजराच्या लाल पेशी बिघडतात. माकड माणसाच्या कुळातलं, म्हणून त्याच्यावरचा निकाल सगळ्यांत भरवशाचा वाटतो. पण माकडही शिडीची शेवटची पायरीच. माणूस त्या शिडीच्या पलीकडे, भिंतीवर.

त्या भिंतीवरून पहिल्यांदा पाय घसरला. हे तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्या काळच्या रीतीप्रमाणे ते क्रेमोफोरमध्ये मिसळलं होतं. 1977 मध्ये ब्रायन के आणि जॉर्ज रोली यांनी बेल्जियममधल्या पहिल्या रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. औषध काम करत होतं. हातात जळजळ होई, पण झोप सुरेख. मग चाचण्या वाढल्या, आणि अल्थेसिनवर आलेलं संकट इथेही डोकावलं. काही रुग्णांना ॲलर्जीसारखे झटके आले. चाचण्या थांबल्या.

मोठ्या कंपनीत असं रसायन सहसा फाइलबंद होतं आणि लोक दुसऱ्या कामाला लागतात. ग्लेन लागले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं: दोषी तेल नाही, द्रावक आहे. ते सिद्ध करायला मात्र असा प्राणी हवा होता जो माणसासारखा बिघडेल. कुत्रा उपयोगाचा नव्हता; कुत्र्याला क्रेमोफोर पहिल्याच वेळी इतकं बाधतं की त्यातून माणसाविषयी काही कळत नाही. उपयोगी पडलं ते बुटक्या जातीचं डुक्कर. पहिल्या वेळी क्रेमोफोर टोचलं तर त्याला काही होत नाही, आठवड्याने पुन्हा टोचलं की प्रतिक्रिया उठते. ग्लेन यांनी मग त्याच तेलाचं दुधाळ मिश्रण केलं. त्यात 10 टक्के सोयाबीन तेल, 1.2 टक्के अंड्याच्या बलकातलं लेसिथिन, थोडं ग्लिसरॉल आणि 1 टक्का औषध. अशी सोयाबीन तेलाची मिश्रणं शिरेतून अन्न म्हणून रुग्णांना साठीच्या दशकापासून दिली जात होतीच. डुकराला हे मिश्रण दिलं, आठवड्याने पुन्हा दिलं. काही झालं नाही. माकडाला जे सांगता आलं नव्हतं ते डुकराने सांगितलं. 'कुळाने जवळचा तो जास्त विश्वासाचा' हा समज शोधकार्यात किती महाग पडू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

1983 मध्ये दुधाळ औषध माणसांच्या शिरेत गेलं. 1986 मध्ये ते ब्रिटनमध्ये 'डिप्रिव्हॅन' या नावाने बाजारात आलं, 1989 मध्ये अमेरिकेत. ग्लेन यांना या कामासाठी 2018 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पुरस्काराची ही गोष्ट इथवरची.

आता उत्तरार्ध. झोपवायला एक सुई पुरते, पण शस्त्रक्रिया दोन तास चालली तर? एका सुईची झोप पाच-दहा मिनिटांची. वायूची भूल दिली तर यंत्रावर आकडा दिसतो: रुग्ण किती टक्के वायू आत घेतोय, किती बाहेर सोडतोय. शिरेतल्या औषधाचं तसं नाही. ते एकदा आत गेलं की दिसत नाही. रक्तात किती उरलंय हे त्या क्षणी सांगणारं कोणतंही उपकरण शस्त्रक्रियागृहात नव्हतं, आजही सर्रास नाही. मग उरतं एकच: अंदाज. आणि अंदाजाला शिस्त लावायची तर गणित.

गणिताची बैठक आधीपासून घडत होती. पेंटोथालचा रुग्ण लवकर जागा होतो तो औषध नष्ट झाल्यामुळे नाही. ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि मग चरबीत सरकतं म्हणून. हे 1950 ते 1960 या दशकात अमेरिकेत ब्रोडी आणि प्राइस यांच्या कामातून उलगडलं. कार्डिफचे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम मेपल्सन यांनी तर 1963 मध्ये वायूंच्या भुलेसाठी माणसाच्या शरीराची विजेच्या मंडलातली प्रतिकृती मांडली. रक्तपुरवठ्याच्या जागी रोधक, अवयवांच्या जागी धारित्र. विजेचा दाब मोजला की मेंदूतला वायू कळला. पुढे त्यांनी सहकाऱ्यासोबत ही रचना शिरेतल्या औषधांपर्यंत वाढवली. भुलेच्या क्षेत्रात ब्रिटनला भौतिकशास्त्रज्ञ लाभले, हे त्या देशाचं मोठं भाग्य.

प्रोपोफॉलसाठी उपयोगी पडलं ते याहून साधं चित्र. पाण्याचे तीन हौद समजा. मधला छोटा, त्याच्या एका बाजूला मध्यम, दुसऱ्या बाजूला अजस्र. मधल्यातून दोन्हीकडे नळ्या जातात. मध्यमाकडची रुंद, अजस्राकडची अरुंद. मधल्याच्या तळाला एक मोरी, तिथून पाणी कायमचं बाहेर जातं. मधला हौद म्हणजे रक्त, मध्यम म्हणजे साधारणपणे स्नायू, अजस्र म्हणजे चरबी, आणि मोरी म्हणजे मुख्यतः यकृत. औषध ओतायचं ते मधल्यात, आणि पातळी राखायची तीही मधल्याची.

हे आकड्यांत मांडायला रुग्णांच्या रक्ताचे नमुने लागतात. 1987 मध्ये बेल्जियमच्या गेप्ट्स आणि सहकाऱ्यांनी 18 रुग्णांना तीन वेगवेगळ्या वेगांनी प्रोपोफॉल देऊन पातळ्या मोजल्या. ब्रिस्टलमध्ये प्रिस-रॉबर्ट्स यांच्या गटाने 1988 मध्ये संगणकाशिवाय चालणारी युक्ती दिली. आधी किलोमागे 1 मिलिग्रॅमची सुई. मग ताशी किलोमागे 10 मिलिग्रॅम दहा मिनिटं, 8 मिलिग्रॅम पुढची दहा मिनिटं, नंतर 6. रक्तात मिलिलिटरमागे 3 मायक्रोग्रॅमच्या आसपास पातळी राहावी हा हेतू. दहा-आठ-सहा! सोबत इतर औषधं असलेल्या रुग्णांसाठी ती बांधली होती, पण लक्षात राहायला इतकी सोपी की जगभर पसरली.

ग्लासगो रॉयल इन्फर्मरीच्या गॅव्हिन केनी आणि मार्टिन व्हाइट यांना मात्र घड्याळ बघत नळ फिरवण्यात रस नव्हता. त्यांना डॉक्टरने पंपाला वेग सांगायचा हा प्रकारच उलटा करायचा होता. डॉक्टरने हवी ती पातळी सांगावी, वेग पंपाने ठरवावा. जर्मनीत बॉनला श्विल्डेन आणि शुटलर यांनी अशी संगणकी रचना ऐंशीच्या सुरुवातीलाच करून दाखवली होती. ग्लासगोकरांनी ती टेबलावरून काढून हातात आणली. 1992 मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या फिरत्या यंत्राचा मेंदू म्हणजे सायॉन ऑर्गनायझर: लोक पत्ते आणि हिशोब ठेवायला वापरत तो ब्रिटिश बनावटीचा हातातला संगणक. तो सिरिंज पंपाला जोडलेला. दर काही सेकंदांनी तो स्वतःलाच विचारी: मधल्या हौदात आत्ता किती आहे, बाजूच्यांत किती गेलं, मोरीतून किती वाहिलं, आता किती ओतू?

हा हिशोब हातानेही करता येतो, आणि करून बघण्यासारखा आहे. गेप्ट्स यांचे आकडे ग्लासगोत थोडे दुरुस्त झाले आणि आज ते 'मार्श मॉडेल' म्हणून ओळखले जातात. त्यात मधला हौद किलोमागे 0.228 लिटरचा. म्हणजे 70 किलोच्या माणसात 16 लिटर. पातळी 3 हवी असेल तर पहिल्या फटक्यात 48 मिलिग्रॅम, पाचएक मिलिलिटर पांढरं औषध. हौद भरला. पण भरता भरताच तो गळू लागतो. मोरीतून मिनिटाला 5.7 मिलिग्रॅम जातात आणि पातळी तीच असेपर्यंत जातच राहतात. स्नायूंकडे सुरुवातीला मिनिटाला 5.4, चरबीकडे 2. एकूण 13 मिलिग्रॅम, म्हणजे ताशी किलोमागे 11. जसजसा स्नायूंचा हौद भरतो तसतसा तिकडचा ओढा कमी होतो. दहा मिनिटांनी गरज नऊवर येते, वीस मिनिटांनी आठवर, तासाने साडेसहावर. ब्रिस्टलचं दहा-आठ-सहा जवळजवळ याच उतारावरून चाललंय! दोन गावांनी दोन वाटांनी तोच डोंगर उतरून पाहिला.

आणि चरबीचा तिसरा हौद? त्याच आकड्यांतून त्याचं आकारमान निघतं दोनशे लिटरच्या वर. सत्तर किलोच्या माणसात दोनशे लिटर! ही चूक नाही. औषधाला चरबीची ओढ इतकी की तिथे ते दाटून बसतं, आणि गणिताला ते रक्ताच्या मापाने मोजायचं तर हौद तेवढा मोठा मानावा लागतो. हा हौद भरायला तासन्‌तास लागतात आणि रिकामा व्हायलाही. सुदैव असं की तिकडची नळी अरुंद आहे आणि मोरी मोठी. चरबीतून हळूहळू परत येणारं औषध यकृत हातोहात निकालात काढतं. पेंटोथालची मोरी अशी मोठी नाही. रुग्ण दिवसभर झिंगलेला राहायचा त्याचं कारण हे.

मार्श मॉडेलचा जन्मही गमतीदार आहे. 1991 मध्ये मार्श, व्हाइट, मॉर्टन आणि केनी यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ अॅनस्थेशिया'त जो लेख छापला तो लहान मुलांवरचा होता. मोठ्यांसाठी बांधलेलं गणित मुलांवर चालवलं तर खऱ्या पातळ्या भाकितापेक्षा कमी निघाल्या. मुलाचा मधला हौद किलोमागे मोठा असतो आणि मोरी जास्त वाहते. म्हणून मुलांसाठी वेगळे आकडे काढले. तुलनेसाठी मोठ्यांचे आकडे त्याच लेखात दिले होते, आणि पुढची अनेक वर्षं जगभरातल्या प्रौढांना भूल दिली गेली ती या मुलांवरच्या लेखातल्या तक्त्यावरून. शास्त्रातली मोठी घरं कधीकधी अशी परसदारातून बांधली जातात.

हातातल्या संगणकावरून बाजारातल्या यंत्रापर्यंत जायला आणखी काही वर्षं गेली. अडचण गणिताची नव्हती, कायद्याची होती. औषधाची परवानगी एका खात्यात, यंत्राची दुसऱ्या; ही तर दोघांची जोडगोळी. पंपाने चुकीचं औषध प्रोपोफॉल समजून ढकललं तर? गणित करणारी चिपच बिघडली तर? दोन्हींवर उत्तरं काढली गेली. 'डिप्रिफ्यूझर' नावाच्या या घटकात दोन स्वतंत्र प्रोसेसर बसवले. एक किती ओतायचं ते ठरवी. दुसरा मोटर प्रत्यक्षात किती फिरली ते मोजून पातळी उलट दिशेने काढी, आणि दोघांचं जुळलं नाही तर पंप थांबे. सिरिंजही कंपनीनेच भरलेली, तिच्यावर यंत्राला ओळखता येईल अशी खूण. ती खूण नसेल तर पंप चालूच होणार नाही. यात सुरक्षा होती आणि धंदाही. कंपनीच्या बाजूने हे काम पुढे रेटणाऱ्यांत इयन ग्लेन होतेच. 1996 मध्ये डिप्रिफ्यूझर ब्रिटन आणि युरोपात आला. पुढे नव्वदहून अधिक देशांत अशी यंत्रं रुजली. अमेरिकेत आजतागायत त्यांना मंजुरी मिळालेली नाही. या गणितातलं निम्मं डोकं अमेरिकन विद्यापीठांतलं असूनही.

त्या अमेरिकेतच हे गणित एकदा न्यायालयात उभं राहिलं. 25 जून 2009 ला मायकेल जॅक्सन प्रोपोफॉलने गेला. त्याचे खासगी डॉक्टर कॉनरॅड मरी यांचं म्हणणं होतं की आपण फक्त 25 मिलिग्रॅम दिलं. 2011 मध्ये भूलतज्ज्ञ स्टीव्हन शेफर यांनी ज्यूरीसमोर आलेख मांडून दाखवलं की तेवढ्या मात्रेने रक्तात सापडलेली पातळी जुळत नाही. औषधाची धार चालू राहिली असेल तर जुळते. त्या आलेखांच्या पोटी हेच हौद आणि याच नळ्या. मरी दोषी ठरले.

मात्र या भाकितावर डोळे मिटून विसंबावं असंही नाही. 1998 मध्ये श्नायडर यांनी 24 निरोगी स्वयंसेवकांवरून दुसरं मॉडेल दिलं. त्यात मधला हौद सगळ्यांना सारखाच, 4.27 लिटर. आता तेच 3 चं लक्ष्य या मॉडेलला दिलं तर पहिला फटका 13 मिलिग्रॅमही भरत नाही. मार्शचा 48! रुग्ण तोच, औषध तेच, लक्ष्य तेच, आणि पहिल्या मिनिटाला जवळजवळ चौपट फरक. पुढे पेटंट संपलं, कुठल्याही सिरिंजने चालणारे पंप आले आणि त्यांत दोन्ही मॉडेलं बटणावर मिळू लागली. तेव्हा 'कोणतं निवडलं' हा प्रश्न 'किती दिलं' इतकाच महत्त्वाचा झाला. शिवाय कोणतंही मॉडेल सरासरी माणसाचं असतं. टेबलावर झोपलेल्याच्या रक्तातली पातळी भाकितापासून 20 ते 40 टक्के इकडेतिकडे असली तरी या क्षेत्रात ते मान्य मानतात. उरलेलं अंतर भूलतज्ज्ञाचे डोळे भरून काढतात: नाडी, रक्तदाब, बाहुल्या, आणि आता मेंदूच्या लहरी.

2018 मध्ये नेदरलँड्सच्या ख्रोनिंगेनचे डग्लस एलेव्हेल्ड आणि सहकाऱ्यांनी जुने तीसेक अभ्यास एकत्र करून नवं मॉडेल बांधलं. 1,033 माणसं, 15,433 रक्तनमुने. 680 ग्रॅमच्या बाळापासून 160 किलोच्या माणसापर्यंत. इतक्या टोकाच्या वजनांना एकाच सूत्रात बसवायला त्यांनी वापरला तो क्लायबरचा तीन-चतुर्थांश घात. उंदरापासून माणसापर्यंतची शिडी समजायला जो नियम लागला होता, तोच आता माणसांमाणसांतल्या फरकासाठी पंपात बसला आहे.

आणि तरी धोका बहुतेक वेळा गणितात नसतोच. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या संस्थांनी 2014 मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली: भूल दिलेली असताना रुग्णाला जाग येण्याचे प्रसंग. साधारण 19,000 भुलांमागे एक अशी तक्रार आली होती. शिरेतल्या भुलेच्या प्रसंगांत पुष्कळदा कारण क्षुल्लक निघालं. हाताची सुई निसटलेली, नळी सुटलेली, औषध चादरीत. पंपाच्या पडद्यावर पातळी नेमकी 3. पंपाला हौद दिसत नाही, त्याला फक्त आपण किती ओतलं तेवढं कळतं. म्हणून तिथल्या मार्गदर्शक सूचनांत आता मोठमोठ्या सूत्रांच्या बरोबरीने एक साधी सूचना आहे: सुई टोचलेली जागा शस्त्रक्रियाभर डोळ्यांसमोर ठेवा, चादरीखाली झाकू नका. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं असेल तर मेंदूच्या लहरींवरही नजर ठेवा.

तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर शस्त्रक्रिया ठरली की आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येऊन वजन, उंची, वय, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय, आधीच्या भुलेचा अनुभव असं सगळं विचारतात. आपल्याकडे लाजेने वजन कमी सांगतात, दारूचं नाव काढत नाहीत, आणि म्हाताऱ्या आईचं वय अंदाजाने ठोकून देतात. तसं करू नका. वजनकाट्यावर उभं राहा आणि दिसेल तो आकडा सांगा. पंप त्याच आकड्यावर हिशोब करणार आहे.